मागून येणारी दाढ

२ सप्टेंबर १९८६, मंगळवार
दाढेचा चौथा दिवस. खालची, उजवीकडची, सगळ्यात मागची. काल तोंडात तीन बोटं मावत होती, आज दोन. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालू आहेत. बायको, पार्वता, म्हणाली, "पन्नाशीत अक्कलदाढ येऊन राह्यली का तुमाले? एवढे दिवस कुठी होती?" मी म्हटलं, वाटेत होती. हसलो तर कळ कानापर्यंत गेली.
जमुनाला नदीवर नेऊन आंघोळ घातली. एकवीस वर्षं या हत्तिणीच्या मानेवर बसतो आहे, पण आज पहिल्यांदा "मैल" म्हणताना आवाज तोंडातच राहिला. मैल म्हणजे चल. ती चालली. ऐकू गेलं की काय, कळलं नाही.

४ सप्टें., गुरुवार. पोळा
गावातून ढोल ऐकू येत होते. वनखात्याच्या कॅम्पातल्या पाच हत्तींना पोळा नसतो, पण पार्वता दर वर्षी जमुनासाठी एक पुरणपोळी वेगळी काढते. जमुनाने ती गिळली. बरोबर उसाचं कांडं दिलं. ते बराच वेळ तोंडात घोळवलं आणि बाहेर टाकलं. जसंच्या तसं, फक्त ओलं. असं तिने कधी केलेलं आठवत नाही.
मला पोळी दुधात कालवून. तोंड दीड बोट.
वर्षावासाचं वाचन अडलं. आषाढी पौर्णिमेपासून आमची चार बौद्ध घरं रोज सायंकाळी एकत्र बसतात, मी ग्रंथ वाचतो, बाकीचे ऐकतात. आज ग्रंथ मांडीवर घेऊन नुसता बसून राहिलो. शेवटी पार्वताने ओढून घेतला. तिची शाळा दुसरीपर्यंतची. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून अर्धं पान वाचलं. "दुःख" शब्दापाशी ती अडली तर सगळेच तिच्याबरोबर थांबले. तोच उतारा मी इतकी वर्षं एका दमात वाचत आलो. आज तो मला नवा वाटला.

६ सप्टें., शनि.
लालसू सकाळीच दारात. लालसू जमुनाचा चाराकटर, चारा तोडून आणणारा, बारा वर्षांपासून माझ्याबरोबर. माडिया माणूस, कमी बोलतो. आज म्हणाला, "भाऊ, चला. लीद पाहा."
पाहिली. त्याने काडीने उकलून दाखवली. गवताची पाती लांबच्या लांब, बांबूची पानं हिरवीगार, नुसती आतून फिरून आलेली.
"लीद नोहे हे. पेंढी हाय."
"केव्हापासून?"
"चार-पाच दिस. तुमचीच दाढ दुखते म्हणून नाई सांगतलं."
मीही तिचं उसाचं कांडं कुणाला सांगितलं नव्हतं.

७ सप्टें., रवि.
पाऊस. नाल्याला पूर, आलापल्लीची बस दोन दिवस नाही. तोंड एक बोट. गाल हनुमानाच्या चित्रासारखा, असं शेजारची मंडळी म्हणतात. पेज गाळून पितो. बोलणं बंद झाल्यातच जमा.
तरी जमुनाला चारायला न्यायचं होतंच. मानेवर बसलो. मैल नाही, थांबवायचं धत नाही, काहीच नाही. कानामागे फक्त पायाची बोटं. म्हटलं, अडेल तिथून परत येऊ. अडली नाही. नाल्याकाठी थांबली, चढावर वळली, पडलेला ऐनाचा बुंधा ओलांडायच्या आधी सोंडेने चाचपून पाहिला, मग पाय टाकला. अर्ध्या वाटेवर तर माझी बोटंही हलत नव्हती, नुसता मनात विचार येत होता की इथून डावीकडे. आणि ती डावीकडे.
म्हणजे एकवीस वर्षं मी तिला सांगत होतो तेव्हा ती काय ऐकत होती? माझं वजन कुठे सरकलं ते? श्वास? माझ्या उस्तादांनी, ज्यांच्या हातून जमुना माझ्याकडे आली, पहिल्या दिवशी सांगितलं होतं की हुकूम मोठ्याने द्यायचा. मी इतका ओरडत आलो.
सकाळची वंदना मनातल्या मनात म्हटली. ओठ हलले नाहीत. तरी पूर्ण झाली असं वाटलं.

९ सप्टें., मंगळ.
नाला उतरला. अहेरीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारायचा प्रयत्न केला, उजेड दातांवरच अडला. इंजेक्शन, गोळ्या. म्हणाले, आधी सूज उतरू द्या, मग चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरकडे. दाढ आडवी असणार, ती काढावीच लागेल.
कंपाउंडर ओळखीचा. म्हणाला, "माहूत भाऊ, हत्ती बांधता अन् दाढेनं बांधले गेले?"

११ सप्टें., गुरु.
लालसूला ठाणावर, जिथे जमुना बांधलेली असते तिथे, गवतात एक तुकडा सापडला. विटेच्या अर्ध्याएवढा. वजनदार, पिवळट काळा. एका बाजूने गुळगुळीत झिजलेला, त्यावर रेघा रेघा, पाट्यावर टाकीने टाके घालतात तशा. नदीतला दगड असेल असं मी म्हणालो. लालसूने वास घेतला आणि माझ्या नाकाशी धरला.
दाढ. जमुनाच्या दाढेचा तुकडा.
 

१२ सप्टें., शुक्र.
रेंजर साहेबांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण आहेत, साताऱ्याकडचे, मला काका म्हणतात. तुकडा हातात घेऊन बराच वेळ उलटापालटा करत राहिले. मग याच वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने काढून दाखवलं.
हत्तीच्या दाढा आपल्यासारख्या खालून वर उगवत नाहीत. मागून पुढे सरकतात. जबड्यात मागे नवी तयार होते, पुढच्या जुनीला ढकलत राहते. जुनी झिजते, पुढच्या कडेने तुकडे पडून गळून जाते. मागची तिच्या जागी येते. फार सावकाश, वर्षानुवर्षं. आणि असं जन्मात सहा वेळा.
मी बोटं दाखवली. सहा?
"सहाच. सहावी झिजली की मागे काही उरत नाही. जंगलातला म्हातारा हत्ती बहुतेक आजाराने मरत नाही काका. चावता येईना झालं की खंगतो. भोवती चारा असतो आणि..." त्यांनी जमुनाकडे पाहिलं.
म्हणजे प्रश्न एवढाच की ही पाचवी की सहावी.
पाचवी असेल तर मागून सहावी येत असणार, आणि जमुनाला अजून पंधरा-वीस वर्षं. सहावी असेल तर येता उन्हाळा अवघड.
"वय किती तिचं?"
ते कुणालाच नक्की ठाऊक नाही.
डॉक्टर गेल्यावर वहीचं ते पान कितीदा पाहिलं. एकवीस वर्षं ज्या डोक्यावर बसलो त्याच्या आत हे चालू होतं. माझ्या बुडाखाली, हातभर अंतरावर, एक दाढ दुसरीला ढकलत पुढे येत होती आणि मी वरून चल म्हणत होतो.

१५ सप्टें., सोम.
सूज उतरली, तोंड दोन बोटं. सकाळच्या बसने चंद्रपूर. निघताना जमुनाचा चारा, पाणी, कोंड्याचे गोळे सगळं लालसूला सांगितलं. तो म्हणाला, "मले काय सांगता? मी का काल आलो?" मग थोड्या वेळाने, "किती दिस लागन?"
धाकट्या बहिणीकडे उतरलो.

१६ सप्टें., मंगळ.
सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीण बाई. पस्तिशीच्या असतील. एक्स-रे काढला आणि काचेवर उजेड लावून दाखवला.
माझा जबडा मी प्रथमच पाहिला. आम्हाला भन्तेजींनी शिकवलं होतं की शरीराचे बत्तीस भाग मनात आणावेत, केस, नखं, दात, हाडं, एकेक. मी ते विशीत पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. आज त्यातला एक भाग भिंतीवर उजळून समोर उभा राहिला. दात ओळीने, पांढरे. आणि सगळ्यांच्या मागे एक आडवी पडलेली, पुढच्या दाढेच्या मुळाला डोकं टेकून.
बाई म्हणाल्या, "ही तीस वर्षं अशीच आहे काका. पुढे यायला बघते, जागाच नाही."
मी एकदम विचारलं, हिच्या मागे आणखी एक असते का?
"माणसाला? नाही हो. ही शेवटची."
का विचारलं ते सांगितलं नाही. रांग मोठी होती.

१७ सप्टें., बुध.
दाढ काढली. जमेल तसं लिहितो, तोंडात कापूस आहे.
सुई टोचली, मग जबडा माझा राहिला नाही. हिरडी कापली, ते कळलं नाही, बाईंनीच सांगितलं. मग दाढेचे दोन तुकडे करायचे होते. तो आवाज कानाने ऐकू आला नाही, डोक्याच्या हाडातून आला. मी श्वासावर लक्ष ठेवलं. आत आला, बाहेर गेला. मध्ये एकदा वाटलं की हा आवाज जमुनाला रोज आतून ऐकू येत असेल, चावताना.
बाईंनी विचारलं, "काम काय करता?" तोंड भरलेलं. मी हात उंच करून सोंड करून दाखवली. नर्सबाई म्हणाल्या, "पाणी पाहिजे वाटते." मी दुसऱ्या हाताने मोठे कान दाखवले. तेव्हा बाई थांबल्या. "हत्ती?" मी मान हलवणार तर ओरडल्या की मान हलवू नका.
पाऊण तास लागला. तीन टाके. दोन्ही तुकडे ट्रेमध्ये दाखवले. मुळं वाकडी, एका बाजूला वळलेली, खडकात वाढलेल्या झाडाची असतात तशी. एवढंसं. याने मला दहा दिवस मुका केला.
सगळं झाल्यावर बाईंनी विचारलं, "हत्तीची दाढ दुखली तर कोण काढतं?"
मी कापसातून म्हटलं, तोच काढतो.
सूचना लिहून दिल्या. चोवीस तास थुंकायचं नाही. गरम काही नाही. तंबाखू, खर्रा नाही, मी खातही नाही. निदान चार दिवस चूळ जोरात भरायची नाही, ओढून प्यायचं नाही, फुंकायचं नाही. जिथून दाढ काढली तिथे रक्ताची गुठळी बसते, ती झाकण आहे, ती हलू द्यायची नाही.

१९ सप्टें., शुक्र.
बहिणीकडे. गाल पुन्हा हनुमान. दुखणं कमी. जिभेने खड्डा चाचपायचा मोह आवरतो. ही सवय माणसाला कुठून येते, नसलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाहायची?
बहीण म्हणाली, आठवडाभर राहा, टाके काढूनच जा. मन लागत नाही. उद्याची बस.

२० सप्टें., शनि.
पोचलो. घरी पिशवी टाकली आणि सरळ ठाणावर.
जमुनाने लांबूनच कान पसरले. जवळ गेलो तर आधी माझं डोकं हुंगलं, मग खांदा, मग सोंडेचं टोक आणून गालावर ठेवलं. सुजेच्या बाजूला. तिथून ओठावर. ओठाच्या फटीत. मी हललो नाही. तिला रक्ताचा वास आला असणार, औषधाचा आला असणार. सोंडेच्या टोकाला बोटासारखं असतं, त्याने माझा ओठ बाजूला करून तिने आत पाहिलं, म्हणजे हुंगून पाहिलं. खूप वेळ. हत्ती एकमेकांच्या तोंडात सोंड घालतात ते मी रोज पाहतो. माझ्या तोंडात तिने कधी घातली नव्हती.
मग तिने नेहमीसारखी सोंड माझ्या तोंडासमोर धरली आणि मी नेहमीसारखी तिच्यात फुंकर मारली. उस्तादांनी शिकवलेलं. माणूस आपला श्वास देतो, हत्ती ओळखतो. कॅम्पात असताना एकवीस वर्षांत दिवस चुकला नसेल.
फुंकून झाल्यावर बाईंचा कागद आठवला.

२२ सप्टें., सोम.
काल दुपारपासून ठणका. दाढ होती तेव्हाही असा नव्हता. कान, डोळा, कपाळ, सगळी उजवी बाजू. तोंडाला वास.

२३ सप्टें., मंगळ.
अहेरी. गुठळी निघून गेली, हाड उघडं पडलं आहे. कंपाउंडरने लवंगेच्या तेलात भिजवलेली पट्टी खड्ड्यात भरली. पाच मिनिटांत ठणका असा उतरला की डोळ्यात पाणी आलं. एका फुलाच्या कळीत एवढं असतं.
"फुंकले का तुम्ही?"
"हो."
"कायले? चूल पेटवत होते का?"
"हत्तीच्या सोंडेत."
त्याने पट्टीचा चिमटा खाली ठेवला. "भाऊ, मी वीस वर्षं इथी हावो. हे नवीन आहे."
रोज पट्टी बदलायला यायचं.

२८ सप्टें., रवि.
टाके निघाले. ठणका गेला. तोंड अडीच बोटं.
इतके दिवस स्वतःच्याच तोंडात होतो. आज जमुनाकडे नीट पाहिलं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेत. पाठीचा कणा दिसतो. कानाची वरची कड दुमडली आहे, पण ती आधीही होती, किती होती ते मी कधी मोजलं नाही. वयाने कड दुमडते असं डॉक्टर म्हणतात. उपाशी राहिल्याने खळगे पडतात असंही म्हणतात. म्हणजे खूण असूनही खूण नाही.
लालसूने माझ्या मागे एक गोष्ट केली होती. घरून धान कांडायचं उखळ आणलं आणि गवत कुटून तिला घालतो. सकाळपासून दुपारपर्यंत दोन टोपल्या. हत्तीला लागतं दिवसाला गाडीभर.
"हात नाई दुखत?"
"दुखते. तिची दाढ आता मीच आहो ना."
उद्यापासून मीही मुसळ घेणार. शिवाय शिजवलेला भात, कोंडा, केळीचा गाभा.

३ ऑक्टो., शुक्र.
रेंजर साहेबांनी कपाटातून जमुनाचे जुने कागद काढले. एकात आहे, खरेदीच्या वेळी वय अंदाजे पंचवीस. म्हणजे आज सेहेचाळीस. तसं असेल तर पाचवी.
पण उस्ताद तिच्याबरोबरच दक्षिणेकडून आले होते, ते म्हणायचे की त्यांच्या वडिलांनी हिला एकोणचाळीसच्या लढाईच्या आधीपासून लाकडं ओढताना पाहिलं होतं, तेव्हाही ती पूर्ण वाढलेली होती. तसं असेल तर साठीच्या पुढे. उस्ताद आता नाहीत. ते बढाया मारायचे, हेही खरं.
बैल घेताना आपल्याकडे शेतकरी आधी दात पाहतो. हत्ती घेताना साहेब लोकांनी कागद पाहिला.
पार्वता रोज वाचते. आता दोन पानं होतात. मला तोंड उघडता येतं तरी मी ग्रंथ परत मागितला नाही. तिनेही दिला नाही.

६ ऑक्टो., सोम.
लालसू दोन दिवस गावी जाऊन आला. आपल्या देवाला कोंबडी कबूल करून आला. दाढ आली तर.
"तुमी बी काई कबूल करा ना, भाऊ."
"आमच्यात कबूल करत नाहीत."
"मंग तुमचा देव फुकट करते का?"
"तो देव नाही रे. तो रस्ता दाखवतो. चालायचं आपण."
लालसूने जमुनाकडे पाहिलं. "तिले चालता येते. खाता येत नाई."
मी मुसळ उचललं. मग दिवसभर ते मनात फिरत राहिलं. मला जमुनासाठी काही मागायचा अधिकार नाही, पण काही मागू नये असं मन ऐकत नाही. सब्बे सत्ता सुखी होन्तु रोज म्हणतो, सगळे प्राणी सुखी होवोत. आज म्हणताना सगळे डोळ्यासमोर आले नाहीत. एकच आली.

१२ ऑक्टो., रवि. दसरा
कॅम्पातल्या बाकी हत्तींना रंगवलं, फुलं घातली. जमुनालाही न्हाऊ घालून कपाळावर खडूने वेल काढली. खळग्यांत रंग बसत नाही.
दुपारी दुसरा तुकडा पडला. यावेळी माझ्यासमोर. तिने तोंड वाकडं केलं, सोंड आत घालून काहीतरी हलवलं, आणि तुकडा काढून जमिनीवर ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग सोंडेने माझ्याकडे सरकवला.
का सरकवला ते मी लिहिणार नाही. मला ठाऊक नाही.

१४ ऑक्टो., मंगळ.
जनावरांचे डॉक्टर आले. तुकडे जुळवून पाहिले. उजवीकडच्या दाढेचा मागचा शेवटचा भाग फक्त उरला असावा म्हणाले. आता नवी येत असेल तर तिची पुढची कड हिरडीखाली लागायला हवी. पण डोळ्याला दिसणार नाही. हात घालून बोटानेच पाहावं लागेल.
"बेशुद्ध करता येणार नाही का?"
"या अवस्थेत नको. उठली नाही तर?" मग खाली पाहत म्हणाले, "मी शिकलोय हे पुस्तकात. खरं सांगतो, माझी हिंमत नाही. आणि ती मला घालू देणार नाही. हात तुमचाच लागेल काका."
जबडा मिटला तर हाताचं काय होईल हे दोघांनाही माहीत होतं. शुक्रवारी परत येतो म्हणाले.
पार्वताला सांगितलं. तिने बराच वेळ तांदूळ निवडले. मग, "कोणता हात?"
"उजवा."
"डावा घाला."
"डाव्याला कळत नाही तेवढं."
"तर मंग तिले सांगून घाला. फसवून घालू नका."

१६ ऑक्टो., गुरु.
दोन दिवस गुळभाताचे गोळे हाताने भरवतो आहे. सोंड वर करून ती तोंड उघडते. काल मनगटापर्यंत हात आत ठेवला, गोळा जिभेवर सोडला, हात काढला नाही. ती थांबली. आज कोपराच्या थोडा अलीकडे. जीभ गरम, मऊ, केवढी. तिला गिळायचं होतं, माझा हात मध्ये होता. गोळा तसाच जिभेवर धरून ती वाट पाहत राहिली.
चंद्रपूरच्या खुर्चीत मी असाच बसलो होतो. पण मला कुणीतरी सांगितलं होतं की काय चाललं आहे.
पार्वताचं म्हणणं आठवून तिला सांगितलं. मोठ्याने नाही. तिच्या गालाला कपाळ लावून.

१७ ऑक्टो., शुक्र. पौर्णिमा
वर्षावास आज पूर्ण. सकाळी लवकर चारही घरं बसली. पार्वताने शेवटचं पान वाचलं. कुठेही अडली नाही.
दहाच्या सुमारास डॉक्टर आले. रेंजर साहेब लांब उभे राहिले. लालसू जमुनाच्या पायाशी.
बाही खांद्यापर्यंत वर केली, हाताला तेल लावलं. गोळा घेतला नाही. फसवायचं नव्हतं. रिकामा हात दाखवला. तिने सोंडेने तळहात हुंगला, काही नाही हे तिला कळलं, आणि तरी सोंड वर केली. तोंड उघडलं.
जीभ ओलांडून, गालाच्या आतल्या बाजूने. कोपर आत गेलं. उरलेल्या दाढेचा तुकडा बोटांना लागला, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. डॉक्टर मागून हळू सांगत होते, "त्याच्या मागे. हिरडीवर फिरवा. नुसतं मऊ लागलं तर... मागे काही नाही. खरखरीत रेघा लागल्या तर दाढ."
मागे गेलो. मऊ. आणखी मागे. माझा खांदा तिच्या ओठाला टेकला. आतला श्वास हातावरून जात होता. तिचा एक होईपर्यंत माझे तीन होत होते. मऊ, मऊच. मग मधल्या बोटाच्या टोकाला काहीतरी कडक लागलं. कातडीखाली. एक रेघ. बोट सरकवलं, हरवली. पुन्हा शोधली. होती. तिच्या पुढे बोट पोचेना.
हात बाहेर काढला. 
"काय लागलं?"
"कडक."
"रेघा?"
"एक."
डॉक्टरांनी टोपी काढून पुन्हा घातली. "एक रेघ म्हणजे हाडाची कडही असू शकते. किंवा दाढेचीही. आणखी दोन-तीन लागल्या असत्या तर मी खात्रीने सांगितलं असतं. महिन्याने पुन्हा पाहू. सरकत असेल तर पुढे आलेली असेल."
लालसू म्हणाला, "हाय म्हणा ना, भाऊ. एक हाय त दुसरी बी राह्यन."
आहे म्हणणं खोटं ठरलं असतं, आणि नाही म्हणायला तोंड उघडेना. दुखत तर काही नव्हतं.
बादलीत हात धुतला. लालसू म्हणाला, "भाऊ." मी वळलो.
जमुनाने सोंड खाली घेतली नव्हती. तोंड उघडं ठेवून तशीच उभी होती.
मी बाही पुन्हा वर केली.